स्वस्तातला खेळाडू : मेलबर्नच्या फुटबॉलमधील माणसाच्या किमतीचा इतिहास

ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी संपत आला की असंख्य माणसे एका हिशेबाला बसतात. हा हिशेब कराचा नसतो, घरखर्चाचाही नसतो. तो फुटबॉल खेळाडूंच्या किमतींचा असतो. 'फुटी' म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा मोसम मार्चमध्ये सुरू होतो. त्याआधी प्रत्येकाला आपला कल्पित संघ निवडायचा असतो. हाताशी ठरावीक काल्पनिक डॉलर असतात आणि समोर खऱ्या लीगमधल्या सर्व खेळाडूंची यादी, प्रत्येकाच्या नावापुढे किंमत. तीस खेळाडू घ्यायचे, त्यांतले बावीस मैदानावर आणि बाकीचे राखीव. पुढे मोसमभर खरा खेळाडू खऱ्या सामन्यात जे करील त्याचे गुण तुमच्या खात्यात जमा होतात.

सगळेच महागडे खेळाडू घ्यायला पैसे पुरत नाहीत. म्हणजे यश महागडे कोण हे ओळखण्यात नाही, ते तर किमतीवरच लिहिलेले असते. यश आहे ते ज्याची किंमत त्याच्या लायकीपेक्षा कमी लावली गेली आहे असा माणूस हेरण्यात. या एका गोष्टीने मला गेली चार-पाच वर्षे झपाटून टाकले आहे.

मी सांगलीचा. जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत खतावण्या सांभाळण्यात नोकरीची वर्षे गेली, आणि खेळांचा इतिहास हा माझा कुणी न शिकवलेला नाद. मेलबर्नला राहणारा भाचा या कल्पित संघांच्या खेळात आकंठ बुडालेला आहे. "मामा, तुम्ही आकड्यांतले माणूस, एवढी यादी बघून सांगा की यातला कोण स्वस्त आहे," असे म्हणून त्याने मला प्रथम ती यादी पाठवली. यादी पाहताना माझे लक्ष खेळाडूंवरून उडाले आणि किमतीच्या रकान्यावर खिळले. ही किंमत लावली कुणी? आणि ही यादी नव्हती तेव्हा माणसाची किंमत कोण लावत होते? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 'ट्रोव्ह' या नावाने जुनी वृत्तपत्रे सर्वांना मोफत खुली केली आहेत. सांगलीत बसून रात्री 'द आर्गस'चे १९३० सालचे अंक चाळता येतात, हे माझ्यासारख्याचे भाग्यच.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मैदान लंबवर्तुळाकार, बहुधा क्रिकेटचेच. बाजूला अठरा-अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब, आडवी दांडी नाही. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हातात घेऊन पळता येते पण फेकता येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो. लाथेने आलेला चेंडू, किमान पंधरा मीटर अंतर कापून आलेला, हवेतच स्वच्छ झेलला तर तो 'मार्क', आणि मग त्या खेळाडूला कुणाच्या अडथळ्याविना चेंडू मारता येतो. हा खेळ इंग्लंडच्या फुटबॉलची नक्कल नव्हे. क्रिकेटपटू टॉम विल्स याने जुलै १८५८ मध्ये मेलबर्नच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहून हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी अंग सैल पडू देऊ नये, फुटबॉल क्लब काढावा, असे सुचवले, आणि १७ मे १८५९ रोजी मेलबर्न क्लबच्या सभासदांनी नियम कागदावर उतरवले. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचे नियम त्यानंतर चार वर्षांनी झाले.

आता किमतीकडे. सध्याच्या कल्पित खेळात किंमत ठरते ती गेल्या वर्षीच्या सरासरीवरून. समजा एखाद्याने गेल्या मोसमात सामन्यामागे सरासरी ८० गुण मिळवले. तर या वर्षी त्याची किंमत '८० गुणांची'. तो यंदा १०० मिळवू लागला, तर दर आठवड्याला वरचे २० गुण तुम्हांला फुकट पडले. किंमत म्हणजे भूतकाळ. नफा निघतो तो भूतकाळ आणि वर्तमान यांच्यात जी फट पडते तिच्यातून. ही फट कुठे कुठे असते याचे शास्त्रच तिथल्या जाणत्यांनी रचले आहे. गेल्या वर्षी पहिल्या पाच मिनिटांत मांडी धरून बाहेर गेलेल्या खेळाडूचे त्या दिवसाचे चार गुणही सरासरीत धरले जातात. ते वगळून त्याची खरी सरासरी काढणारा माणूस बाकीच्यांच्या पुढे असतो. वर्षभर दुखापतीने घरी बसलेल्याला किमतीत सूट मिळते. पण सगळ्यांत मोठी फट भूमिका बदलण्यात असते. वर्षानुवर्षे मागच्या फळीत राखण करणाऱ्याला प्रशिक्षकाने मध्यभागी आणले की चेंडू त्याच्याकडे दुपटीने येऊ लागतो. माणूस तोच, पाय तेच, फक्त उभे राहण्याची जागा बदलली. हे मला फार बोलके वाटते, आणि पुढे त्याकडे परत यायचे आहे.

नवखे पोरगे तर सगळ्यांत स्वस्त, कारण त्यांना भूतकाळच नसतो. पहिले दोन-तीन सामने झाले की त्यांच्या किमती हलू लागतात, चढतात, आणि पुरेशा चढल्या की त्यांना विकून त्या पैशात मोठा खेळाडू घेतात. तिकडे अशा पोराला 'कॅश काऊ' म्हणतात. पण त्याला दुभती गाय म्हणणे आमच्याकडच्या माणसाला पटणार नाही. आटपाडीकडचा शेतकरी खरसुंडीच्या बाजारातून हडकुळी कालवड घेतो, वैरण घालून वाढवतो आणि अंगाने भरली की पुन्हा बाजारात उभी करतो, तसा हा व्यवहार आहे. दूध काढायला तिला कुणी ठेवत नाही. त्या बाजारातला हेडी जनावराचे दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. गेल्या वर्षीची सरासरी विचारत नाही.

मेलबर्नच्या खेळात माणसाची किंमत लावण्याचा पहिला स्पष्ट कायदा सापडतो १९३० सालचा. त्याआधी खेळ नावाला हौशी होता. १८९७ मध्ये आठ क्लबांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली आणि गर्दी जमू लागली तशी पैशांची देवघेवही वाढली, आधी लपून आणि मग उघडपणे. श्रीमंत क्लब चांगले खेळाडू पळवत होते. तेव्हा लीगने नियम केला की कुठल्याही खेळाडूला सामन्यामागे तीन पौंडांपेक्षा जास्त देता येणार नाही. ज्या प्रतिनिधीने तो मांडला त्याच्या नावावरून तो 'कोल्टर कायदा' म्हणून ओळखला जातो. म्हणजे उत्तम खेळाडू आणि कसाबसा संघात आलेला खेळाडू, दोघांच्या किमतीवर कमाल मर्यादा एकच. महामंदीचे दिवस होते, बेकारांच्या रांगा लागल्या होत्या, तीन पौंड ही काही क्षुल्लक रक्कम नव्हती. पण ज्याच्यामुळे मैदान भरते त्याला ती अपुरीच वाटणार.

मग पळवाटा निघाल्या. किंमत देता येत नसेल तर नोकरी द्यायची. साऊथ मेलबर्न क्लबच्या मागे किराणा दुकानांच्या साखळीचा मालक आर्ची क्रॉफ्ट्स उभा होता. इतर राज्यांतून खेळाडू आणून त्यांना दुकानांत कामाला लावले आणि १९३३ चे विजेतेपद मिळवले. लोक त्या संघाला 'फॉरेन लीजन' म्हणत. कॉलिंगवूडचा बिनीचा गोल करणारा रॉन टॉड याने १९३९ मध्ये १२१ गोल मारले आणि पुढच्या वर्षी लीगची परवानगी न घेताच प्रतिस्पर्धी असोसिएशनमधल्या विल्यम्सटाऊन क्लबात निघून गेला, कारण तिथे पैसे जास्त होते. वर मर्यादा घातली की माणूस बाजूने वाट काढतो, हे बँकेत ठेवींच्या व्याजदरावर मर्यादा होत्या तेव्हा मी जवळून पाहिले आहे.

या काळातली दोन माणसे मी बरेच दिवस वृत्तपत्रांतून शोधत होतो. दोघेही न्यू साऊथ वेल्सचे, दोघेही मरे नदीच्या काठचे, आणि दोघेही शेवटी फिट्झरॉय या एकाच क्लबात आले.

पहिला हेडन बंटन, ऑल्बरी गावचा. पोर विलक्षण खेळते अशी बातमी मेलबर्नला पोचली आणि क्लबांची झुंबड उडाली. फिट्झरॉयने त्याला २२२ पौंड देऊ केले. ते उघडकीला आले आणि कोल्टर कायद्याचा भंग म्हणून त्याला १९३० चा सबंध मोसम खेळू दिले नाही. पुढच्या वर्षी तो मैदानात उतरला आणि पहिल्याच मोसमात ब्राउनलो पदक घेऊन गेला. हे पदक पंचांच्या मतांवरून वर्षातल्या सर्वोत्तम आणि सभ्य खेळाडूला १९२४ पासून दिले जाते. बंटनला ते १९३१, १९३२ आणि १९३५ असे तीनदा मिळाले. तीन पौंडांच्या कायद्याने त्याची किंमत मान्य केली नाही, पण ती किंमत कुणापासून लपलेली नव्हती.

दुसरा डग निकल्स. १९०६ मध्ये कमरागंजा या आदिवासींच्या वसाहतीत जन्मला, शाळा चौदाव्या वर्षाच्या सुमारास सुटली. उंची पाच फूट दोन इंच. पण पळण्यात असा की व्यावसायिक शर्यती जिंकून पोट भरावे. १९२७ मध्ये तो कार्लटन क्लबाच्या सरावाला आला. खेळ पाहून नव्हे, तर कातडीचा रंग पाहून त्याला बाहेरची वाट दाखवली गेली. सहकाऱ्यांना त्याच्या अंगाला वास येतो असे सांगितले गेले, आणि मालिश करणाऱ्याने त्याला हात लावायला नकार दिला. इथे मराठी वाचकाला बाळू पाळवणकर आठवतील. साम्य मी ताणत नाही. पण स्पर्शाची भाषा किती दूरदूरच्या देशांत सारखी असते, एवढे नोंदवतो. निकल्स मग धाकट्या असोसिएशनमधल्या नॉर्थकोट क्लबात गेला. १९२९ मध्ये त्या क्लबाने विजेतेपद मिळवले आणि तो त्यातला बिनीचा खेळाडू होता. कार्लटनला जो फुकट मिळत होता त्याला घ्यायला मोठ्या लीगमधल्या कुणालाही त्यानंतर पाच वर्षे लागली. १९३२ मध्ये फिट्झरॉयने त्याला घेतले. असे सांगतात की कपडे बदलण्याच्या खोलीत तो एका कोपऱ्यात एकटाच बसला होता, तेव्हा आदल्या वर्षीचा पदकविजेता बंटन आपले सामान उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसला. निकल्स १९३७ पर्यंत फिट्झरॉयकडून पन्नासावर सामने खेळला आणि १९३५ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या संघात निवडला गेला.

कल्पित संघ निवडणाऱ्यांच्या भाषेत बोलायचे तर १९२७ ते १९३२ हा निकल्सचा 'स्वस्त' काळ. पण त्याची किंमत कमी का होती? गेल्या वर्षीची सरासरी वाईट होती म्हणून नव्हे. शर्यतीतले त्याचे वेग सर्वांना ठाऊक होते, नॉर्थकोटच्या सामन्यांच्या बातम्या छापून येत होत्या. माहिती होती, पण डोळे ती वाचायला तयार नव्हते. बाजाराच्या अंधत्वाबद्दल आज जे लिहिले जाते त्यात हा भेद बहुधा पुसला जातो. माहिती नसल्यामुळे झालेले अवमूल्यन वेगळे आणि माहिती असूनही केलेले वेगळे. पहिले आकड्यांनी दुरुस्त होते. दुसरे व्हायला कुणीतरी उठून शेजारी जाऊन बसावे लागते.

निकल्स पुढे पाद्री झाला, आदिवासींच्या हक्कांच्या चळवळीतला मोठा आवाज झाला, १९७२ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला आणि १९७६ मध्ये तो साऊथ ऑस्ट्रेलिया राज्याचा राज्यपाल झाला. २०१६ पासून लीगमधली आदिवासी खेळाडूंच्या गौरवाची फेरी त्याच्या नावाने होते.

जुने अंक वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहते. तेव्हाच्या वार्ताहरांना मोजण्याची सवय नव्हती. सामन्याचे वर्णन लांबलचक, भाषा फुलोऱ्याची, आणि शेवटी दोन यादी : गोल कुणी किती मारले आणि चांगले कोण खेळले. दुसऱ्या यादीत क्रम असे, आकडा नसे. वार्ताहराच्या मनात पहिला आलेला पहिला. गोल करणाऱ्याला आकडा मिळत होता आणि चेंडू त्याच्यापर्यंत पोचवणाऱ्याला फार तर एक विशेषण. किती वेळा लाथ मारली, किती झेल, मुठीचे किती पास, हे व्हिक्टोरियन लीगमधल्या प्रत्येक खेळाडूबाबत सलग मिळू लागते ते १९६५ पासून. प्रतिस्पर्ध्याला धरून पाडण्याची, म्हणजे टॅकलची, मोजणी तर १९८७ पासूनची. त्याआधी आयुष्यभर टॅकल करत राहिलेल्या माणसांचे ते काम कुठल्याच वहीत जमा नाही. मी हिशेबातला माणूस, मला हे फार लागते. पावती न दिलेल्या ठेवीसारखे आहे ते.

आता १९७० कडे येऊ. तोवर तीन पौंडांचा कायदा इतिहासजमा झाला होता, पण कॉलिंगवूडमध्ये सर्वांना सारखे पैसे देण्याची जुनी रीत टिकून होती. त्या वर्षी क्लबाने पश्चिम ऑस्ट्रेलियाहून पीटर एकिन्स नावाचा खेळाडू मोठ्या रकमेला आणला. कर्णधार डेस टडनहॅम आणि लेन थॉम्पसन यांनी आम्हांलाही तसे मोल द्या म्हणून सरावावर बहिष्कार टाकला. तडजोड झाली, पण टडनहॅमचे कर्णधारपद गेले. तोच कॉलिंगवूड संघ सप्टेंबरमध्ये अंतिम सामन्याला उतरला, समोर कार्लटन, आणि मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर १,२१,६९६ माणसे. तो गर्दीचा आकडा आजवर मोडलेला नाही.

मध्यंतराला कॉलिंगवूड ४४ गुणांनी पुढे होता. त्या काळी अदलाबदलीची सोय नव्हती. एकोणिसावा आणि विसावा असे दोन राखीव खेळाडू बाकावर बसत, आणि त्यांतला एक आत गेला की ज्याच्या जागी गेला तो परत येत नसे. कार्लटनचा प्रशिक्षक रॉन बरासी याने मध्यंतरानंतर एकोणिसाव्या माणसाला आत पाठवले आणि सर्वांना बजावले की मुठीने पास द्या, देत राहा. तो एकोणिसावा म्हणजे टेड हॉपकिन्स. किरकोळ अंगाचा, सोनेरी केसांचा. त्याने चार गोल मारले. कार्लटन दहा गुणांनी जिंकला. १११ विरुद्ध १०१. हॉपकिन्स कार्लटनकडून उण्यापुऱ्या तीस सामन्यांच्या आतच खेळला आणि पुढच्या वर्षी मोठ्या फुटबॉलमधून बाहेर पडला. कविता लिहिल्या, पुस्तके प्रकाशित केली. आणि १९९० च्या दशकात 'चॅम्पियन डेटा' ही संस्था उभी केली. लीगमधल्या प्रत्येक लाथेची, झेलाची, झटापटीची आज जी नोंद होते ती या संस्थेची. त्या मोजणीवर त्याने २०११ मध्ये पुस्तकही लिहिले.

कवी आणि बाकावरचा खेळाडू. मोजणीचा ध्यास घ्यावा तो याच माणसाने, हे मला योगायोगाचे वाटत नाही. ज्याला एकाच अर्ध्या सामन्यासाठी लोक ओळखतात, त्याला उरलेल्या सामन्यांचे काय होते हा प्रश्न पडणारच. हॉपकिन्सचा भर नुसत्या बेरजेवर नव्हता. लाथ मारली हे पुरेसे नाही, ती कुठे पोचली? चेंडू मोकळ्यावर मिळाला की चार जणांच्या ढिगातून काढला? असे प्रश्न त्याने नोंदवहीत आणले. म्हणूनच आज दोन मोठ्या कल्पित स्पर्धांचे हिशेब दोन तऱ्हांचे आहेत. लीगच्या स्वतःच्या स्पर्धेत लाथेला ३, मुठीच्या पासला २, झेलाला ३, टॅकलला ४, आणि दोषाबद्दल वजा ३, अशी सरळ बेरीज आहे. लाथ वाया गेली तरी तीन गुण मिळतातच. वृत्तपत्रसमूहाच्या 'सुपरकोच'मध्ये चॅम्पियन डेटाचे तोलून-मापून दिलेले गुण आहेत, आणि तिथे प्रत्येक सामन्यात सर्व खेळाडूंत मिळून ३३०० गुणच वाटले जातात. म्हणजे एकाला जास्त मिळाले तर दुसऱ्याचे कमी होणार. एकच माणूस एका यादीत स्वस्त आणि दुसरीत महाग असू शकतो. भाच्याला मी दिलेला एकमेव उपयोगी सल्ला हाच होता : किंमत पाहण्याआधी ती कुठल्या मापाने काढली ते पाहा.

कल्पित संघांची ही कल्पना मूळची ऑस्ट्रेलियाची नव्हे. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन याने १९६० मध्ये मित्रांबरोबर बेसबॉलचा असा खेळ मांडला. ओकलंडमध्ये बिल विंकेनबाख याने १९६२ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा. आणि डॅनियल ओक्रेंट याने १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटच्या नावावरून 'रोटिसरी लीग' काढली, तिथून तो पसरला. पुढे त्याच ओकलंड शहराच्या बेसबॉल संघाने २००२ मध्ये खऱ्या बाजारात हेच केले. कोपराला इजा झाल्यामुळे झेलरक्षक म्हणून निकामी ठरलेला स्कॉट हॅटेबर्ग त्यांनी स्वस्तात घेऊन पहिल्या बेसवर उभा केला. जागा बदलली आणि किंमत बदलली. मायकेल लुइसच्या 'मनीबॉल' या पुस्तकामुळे ती गोष्ट जगाला ठाऊक झाली. सांगण्याचा मुद्दा एवढाच की खोटा बाजार आधी आला आणि खऱ्या बाजाराने त्याचे डोळे नंतर उसने घेतले.

ऑस्ट्रेलियात या दोन बाजारांचे नाते आणखी घट्ट आहे. कल्पित संघावर असलेली खर्चाची मर्यादा ही खऱ्या लीगची नक्कल आहे. १९८० च्या दशकात मेलबर्नचे अनेक क्लब कर्जात बुडाले. साऊथ मेलबर्न १९८२ मध्ये सिडनीला हलवला गेला. मग लीगने नव्या रीतीने किमती बांधल्या. १९८६ मध्ये राष्ट्रीय ड्राफ्ट आला, म्हणजे नव्या पोरांची निवड पाळीपाळीने आणि तळाच्या क्लबाला पहिला मान. १९८७ पासून प्रत्येक क्लबाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. कोल्टर कायद्याने एकेका माणसाला बांधले होते, नव्या कायद्याने क्लबाच्या पिशवीला बांधले. फरक मोठा आहे, कारण पिशवी बांधली की तिच्यात कोण किती स्वस्तात बसतो याला महत्त्व येते. आणि ड्राफ्टमुळे प्रत्येक अठरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर एक क्रमांक चिकटला, जो आयुष्यभर सुटत नाही.

तो क्रमांक किती चुकतो याच्या कथा तिकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. जेम्स हर्ड १९९० मध्ये ७९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि १९९६ मध्ये ब्राउनलो पदकाचा मानकरी झाला. आदिवासी खेळाडू ॲडम गुड्स ४३ वा, त्याला दोन पदके. डेन स्वॉन ५८ वा, २०११ चे पदक, आणि कल्पित संघांच्या खेळातला तर अनेक वर्षे राजाच. मॅट प्रिडिसला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलेच नाही. वेस्ट कोस्टने त्याला दुय्यम अशा 'रुकी' यादीत जागा दिली आणि २०१४ मध्ये तो पदक घेऊन गेला. निवडणारे मूर्ख नव्हते. ते अठराव्या वर्षीची उंची, धाव, उडी मोजत होते. जे मोजता येत होते ते त्यांनी नीटच मोजले.

कल्पित संघवाल्यांच्या बखरीत मात्र सर्वांत वरचे नाव मायकेल बार्लोचे. मेलबर्नलगतच्या वेरिबी संघाकडून खालच्या स्पर्धेत खेळणारा, ड्राफ्टमागून ड्राफ्ट हुकलेला. फ्रीमँटलने त्याला रुकी यादीत घेतले आणि २०१० मध्ये बावीसाव्या वर्षी पहिला सामना दिला. किंमत तळाची, कारण मोठ्या लीगमध्ये त्याला भूतकाळ नव्हता. पण अंगात खालच्या लीगमधली तयार झालेली ताकद होती. पहिल्या आठवड्यापासून तो महागड्या मिडफिल्डरांच्या तोडीचे गुण मिळवू लागला. ज्यांनी त्याला घेतले ते तरले, ज्यांनी घेतले नाही ते धावत सुटले. पदकाच्या शर्यतीतही त्याचे नाव येऊ लागले. मग जुलैमध्ये सामन्यात त्याचा पाय मोडला आणि मोसम संपला. त्या दिवशी असंख्य घरांत लोक हळहळले. त्यांतली किती हळहळ पायासाठी होती आणि किती गुणांसाठी, हे मी भाच्याला विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मामा, दोन्ही मिसळलेलं होतं."

त्याचे उत्तर मला प्रामाणिक वाटले. आपल्याकडे हा मिसळ अधिक तिखट झाला, कारण पैसे खरे होते. मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम इलेव्हनच्या स्पर्धांना मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कौशल्याचा खेळ मानले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सर्वच ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि कौशल्य की नशीब हा वाद त्या कायद्यापुरता बाजूला पडला. स्वस्त खेळाडू हेरणे हे कौशल्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते कौशल्य कुणाच्या महिन्याच्या पगारावर चालवावे का, हा निराळा प्रश्न.

शेवटी आणखी एका खेळाडूची नोंद करायची आहे. मार्लियन पिकेट हा पश्चिम ऑस्ट्रेलियातला आदिवासी खेळाडू. तरुणपणी घरफोडीच्या गुन्ह्यांबद्दल तुरुंगात राहिला, बाहेर आल्यावर साऊथ फ्रीमँटलकडून खेळू लागला, आणि वर्षानुवर्षे ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कुणी पुकारले नाही. २०१९ मध्ये मोसमाच्या मध्यावर निवड करण्याची पद्धत पुन्हा सुरू झाली तेव्हा रिचमंडने त्याला घेतले. वय २७. साखळीतला एकही सामना त्याला मिळाला नाही. त्याचा पहिला सामना होता थेट त्या वर्षीचा अंतिम सामना, २८ सप्टेंबर, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड; अंतिम सामन्यातच पदार्पण करणारा १९५२ नंतरचा तो पहिलाच. पाठीवर ५० क्रमांक. एका प्रतिस्पर्ध्याला गिरकी घेऊन त्याने चकवले, चेंडू २२ वेळा पुढे पोचवला, एक गोल मारला. रिचमंड ८९ गुणांनी जिंकला. कल्पित संघांच्या स्पर्धा साखळी सामने संपताच बंद होतात, त्यामुळे त्या दिवसाचे त्याचे गुण कुणाच्याच खात्यात जमा झाले नाहीत.